शीळ आणि खंजिरी

१९०९ या एकाच सालात, पुरते चार महिनेही मध्ये न जाता, वऱ्हाडच्या मातीत दोन मुलगे जन्मास आले. ३० एप्रिल रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले माणिक पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाले आणि खंजिरीच्या ठेक्यावर त्यांनी गावोगावचे तरुण भजनास बसविले. २१ ऑगस्ट रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सेंदुरजन येथे जन्मलेले नागोराव घनश्याम देशपांडे मेहकरास वकिली करीत राहिले, आणि त्यांची 'शीळ' ही कविता १९३० नंतरच्या दशकात जी. एन. जोशी यांच्या गळ्यातून ध्वनिमुद्रिकेवर उतरली, तेव्हा मराठी भावगीत म्हणून जो प्रकार पुढे घराघरांत शिरला त्याचा पायंडा पडला. मुलूख एक, वर्ष एक, आणि तरुण मनापुढे आलेली गाणी मात्र अशी दोन टोकांची, की एक दहाजणांत मांडी घालून म्हणावयाचे आणि दुसरे आडवाटेने जाताना स्वतःशीच गुणगुणावयाचे.

तरुणाचे स्वत्व आणि त्याची मूल्ये यांपैकी कोणत्या गाण्यात शोधावीत, या प्रश्नावर मेहकरात दोन विचारी माणसांचे जे संभाषण माझ्या समक्ष झाले ते येथे देत आहे. एक गृहस्थ सेवानिवृत्त मुख्याध्यापक. दुसरी त्यांचीच एके काळची विद्यार्थिनी, जी आज येथील न्यायालयात वकिली करते. संभाषणास निमित्त झाले ते असे, की तालुक्यातील एका शाळेने नववी-दहावीच्या मुलांकडून 'माझे आवडते गाणे' या विषयावर निबंध लिहवून घेतले होते आणि ते तपासण्याचे काम विश्वासाने गुरुजींकडे सोपविले होते. गठ्ठा वाचून झाल्यावर गुरुजींचा चेहरा प्रसन्न होता, आणि वकीलबाई त्यातलाच एक कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरून निरखीत होत्या.

गुरुजी : आजची पिढी वाहवत चालली, अशी ओरड मी रोज ऐकतो, पण या मुलांनी मला धीर दिला. कोणी तुकडोजी महाराजांचे भजन लिहिले आहे, कारण त्याचा आजा पहाटेच्या प्रार्थनेला बसताना ते म्हणतो. शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊन आलेल्या एकाने वाटेवरचा अभंग लिहिला आहे. एका मुलीने जिजाऊंवरचे गीत निवडले आहे आणि १२ जानेवारीला सिंदखेडराजास लोटणाऱ्या गर्दीत ते प्रथम कसे ऐकले याचे वर्णन केले आहे. दोघांनी भीमगीते लिहिली आहेत. माणसाच्या बोलण्यावरून जे कळत नाही ते त्याच्या गाण्यावरून कळते, असे माझे जन्मभराचे मत आहे. बोलणे विचार करून केलेले असते. गाणे ओठांवर येते तेव्हा मनाने आपला कौल आधीच दिलेला असतो.

वकीलबाई : गुरुजी, हा कागद आपण उजेडात धरून पाहिलात का? शीर्षकाच्या जागी भजनाचे नाव आहे, पण त्याच्याखाली दुसरे एक नाव पेनाने गच्च खोडलेले आहे, इतके गच्च की कागद मागून उचलला गेला आहे. 'सैराट' या चित्रपटातल्या एका गाण्याची पहिली दोन अक्षरे अजून वाचता येतात. मुलाने प्रथम आपले गाणे लिहिले, मग हा कागद कोणाच्या हाती जाणार हे त्याला आठवले, आणि त्याने तपासणाऱ्याला आवडेल असे गाणे वर लिहिले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि नव्या कायद्यातही ते कायम राहिले आहे. याचे कारण असे नव्हे की पोलीस नेहमी दांडगाईच करतात. कारण हे, की ज्याच्या हाती दुसऱ्याचे बरे-वाईट आहे त्याच्यासमोर मनुष्य खरे बोलतो असे गृहीत धरणे न्यायास धरून नाही. गुण देणाऱ्यापुढे मांडलेली आवड मी त्याच दर्जाची मानते.

गुरुजी : म्हणजे भजन लिहिणारी सारी मुले खोटी?

वकीलबाई : मुळीच नव्हे. त्यांच्यापैकी काहींचे ते खरेच आवडते असेल. माझे म्हणणे इतकेच, की कागदावरून आपल्याला ते ठरविता येणार नाही. आणि खोडलेले गाणे कोणते हेही पाहा. २०१६ साली तो चित्रपट आला तेव्हा अजय-अतुल यांची ती गाणी वाजली नाहीत अशी वरात, असा गणेशोत्सव, असे स्नेहसंमेलन या जिल्ह्यात मला आठवत नाही. चित्रपटाच्या अखेरीस, जातीबाहेर जाऊन संसार मांडणाऱ्या दोघांचा मुलीच्याच माणसांकडून खून होतो. महाराष्ट्रातला तरुण त्या गाण्यांवर बेभान नाचला आणि नाचून झाल्यावर, पत्रिका आणि पोटजात बघून ठरविलेल्या आपल्याच मित्राच्या लग्नाला अक्षता टाकून घरी आला. मग गाण्यावरून मूल्य कळते असे कसे म्हणावे? त्या मुलांपैकी कित्येकांच्या बहिणींची प्रकरणे आज माझ्या दप्तरात आहेत.

हे शेवटचे वाक्य बोलताना त्यांचा आवाज चढला होता. गुरुजींनी उत्तरास वेळ घेतला, आणि त्यांनी जे उत्तर दिले ते मला या साऱ्या संभाषणातील वजनदार उत्तर वाटते.

गुरुजी : तू आवड आणि आचरण यांची एकाच तागडीत वजने करीत आहेस. तरुणाचे आवडते गाणे तो कसा वागतो हे दाखवीत नाही, ते मला मान्य; परंतु आपण कसे असतो तर बरे झाले असते, असे त्याला वाटते ते त्यातून दिसते. वरातीत नाचणाऱ्या पोराला त्या चार मिनिटांपुरते का होईना, जात विसरून कोणावर तरी प्रेम करण्याचे जे मोकळेपण हवेसे वाटले, ते ढोंग नव्हते. घरी परतल्यावर बापापुढे उभे राहण्याचे धैर्य त्याला झाले नाही, हा निराळा दोष. इच्छा आधी जन्मते, धैर्य मागाहून येते, आणि काहींच्या बाबतीत ते कधीच येत नाही. पण ज्याची इच्छाच त्या दिशेने कधी झाली नाही, त्याला धैर्य येणार कोठून? म्हणून मुलांच्या कानांवर काय पडते याची मला फिकीर वाटते. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून शोकविव्हल आणि मद्यपानाच्या बैठकीतले सूर वर्ज्य केले आणि शूर व संयमी माणसाचे सूर तेवढे ठेवले; त्याचा उपाय मला कठोर वाटतो, पण त्याची काळजी खोटी होती असे वाटत नाही.

वकीलबाई : त्या उपायाची परीक्षा आपल्याच देशात होऊन गेली आहे. डॉ. बा. वि. केसकर हे १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले; विद्वान माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा भक्त, आणि हेतूही निर्मळ, की तरुणांच्या अभिरुचीला वळण लागावे. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली. परिणाम काय झाला? तरुणांनी रेडिओची खुंटी फिरवली आणि ते सिलोन ऐकू लागले; त्याच सुमारास सुरू झालेल्या बिनाका गीतमालेसाठी आणि अमीन सयानींच्या आवाजासाठी घरोघर माणसे ताटकळू लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविध भारती सुरू करून ती गाणी परत आणावी लागली. मोठ्यांनी नेमून दिलेले गाणे आणि आपण होऊन शोधलेले गाणे यांत तरुण कोणते आपले मानतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

गुरुजी : सिलोन मीही ऐकत असे, वडील शेतावर गेले की. परंतु तुझ्या या दाखल्यात भीमगीते कोठे बसतात? ती कोणत्या मंत्र्याने नेमून दिली होती? वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील एका खेड्यात जन्मले आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून गात राहिले. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेऊन परतलेल्या माणसांपैकी कित्येकांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचला तो ग्रंथांतून कमी आणि या गाण्यांतून अधिक. तेथे गाणे करमणूक नव्हते. माणसाने आपल्याविषयी काय समजावे, हे ते गाणे त्याला सांगत होते. पूर्वी ज्याला गावाने नावही धड दिले नव्हते, तो त्या गाण्यात ताठ उभा राहिला. गाणे स्वत्व घडविते याचा पुरावा मागतेस, तर हा घे.

वकीलबाई : हा पुरावा मी दोन्ही हातांनी स्वीकारते. पण त्याची दुसरी बाजूही सांगते. ज्या गाण्याने माणूस ताठ उभा राहिला, त्याच गाण्यावरून आता गाव त्याला ओळखते, आणि तेवढ्यावरच ओळखून मोकळे होते. वरात कोणत्या गल्लीतून चालली आहे हे बघून डीजेवरचे गाणे बदलावे लागते. 'हे त्याह्यचं गानं हाये', एवढे कोणी म्हटले की पुढच्या भांडणाची तयारी झालीच. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली, यावरून वाद पेटला, अशी हकिकत त्या वेळी सर्व वर्तमानपत्रांत आली होती. खिशातल्या यंत्रात वाजलेली काही क्षणांची धून! त्या मुलाला आणखी कोणती गाणी आवडत होती हे कोणी विचारले नाही. तो एखादी गझल जिवापाड जपत असेल, सुरेश भटांची असेल, आपल्या अमरावतीचीच. स्वत्व आणि शिक्का यांत फरक आहे, गुरुजी. गाणे माझे असले तर ते स्वत्व; माझे गाणे कोणते असावे हे दुसऱ्याने माझ्या आडनावावरून ताडले, तर तो शिक्का. आपले निबंध हे दुसरे काम नकळत करतात. कोणत्या मुलाने काय लिहिले असेल, हे नाव वाचूनच आपल्या मनात आले नव्हते का?

या प्रश्नावर गुरुजींनी होकारार्थी मान हलविली. माझ्या मते तरुणांच्या आवडीनिवडींबद्दल बोलणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःस विचारणे अगत्याचे आहे, कारण खेड्यात गाण्याला आडनाव असते ही गोष्ट सर्वांना माहीत असून सभांतून तिचा उच्चार होत नाही. त्यानंतर बोलणे 'शीळ'कडे वळले, आणि ते वळविले गुरुजींनी.

गुरुजी : तू वकील, आणि याच गावात, तेव्हा ना. घं.बद्दल तुला सांगावयास नको. ती ध्वनिमुद्रिका गाजली तेव्हा ते विशी-पंचविशीत होते, आणि त्यांचा 'शीळ' हा पहिला काव्यसंग्रह निघाला तो १९५४ साली, म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीत. दोन दशके ते गाणे पुस्तकावाचून फिरले. लाखेच्या त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात एक खेडवळ तरुणी, रानातून शीळ घालून बोलावणाऱ्या आपल्या सख्याला लटक्या रागाने दोन शब्द सुनावते, आणि संपते. ज्या वर्षांत वऱ्हाडातले तरुण जंगल सत्याग्रहात गवत कापून तुरुंगात जात होते त्याच्या आगेमागेच हे गाणे लोकांच्या ओठांवर आले. प्रभातफेरीत देशभक्तीचे पद म्हणणारा तरुण आणि सायंकाळी शीळ गुणगुणणारा तरुण हे दोन वेगळे तरुण होते, असे मी मानीत नाही. एकाच छातीत दोन्ही मावतात. म्हणूनच मी भजन आणि भावगीत यांत वैर मानीत नाही. माझा आग्रह इतकाच, की पहिले असावेच.

वकीलबाई : छाती कोणाची, ते मात्र आपण गृहीत धरले. प्रभातफेरीतला तरुण सायंकाळी शीळ गुणगुणत बाजारातून गेला तर त्याला रसिक म्हणतील. त्याची बहीण गुणगुणली असती तर? गाण्यातले सारे बोल तरुणीचे आहेत. लिहिले पुरुषाने, गायिले पुरुषाने, आणि ज्या मुलीच्या मनातले ते होते तिला ते मोठ्याने म्हणण्याची सोय नव्हती. तिला कोणी आवडते गाणे विचारले असते, तर तिने नक्कीच भूपाळी सांगितली असती. ती खोटारडी होती म्हणून नव्हे, शहाणी होती म्हणून. आजही माझ्याकडे येणारे आईबाप मुलीच्या मोबाइलमधली गाणी पुढे करतात आणि तिच्या चालचलणुकीचा पुरावा म्हणून ऐकवू पाहतात. मुलाच्या मोबाइलमधली गाणी आजवर एकाही बापाने माझ्या टेबलावर ठेवलेली नाहीत.

गुरुजी : मग स्त्रियांची खरी गाणी कोठे गेली म्हणायची?

वकीलबाई : जात्यावर. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत सासू आहे, नवरा आहे, माहेर आहे, विठोबा आहे, बाबासाहेबही आहेत, आणि जे चावडीवर, पंगतीत, परसात कधी बोलता आले नसते ते सारे आहे. पहाटे चारला घरातले पुरुष झोपलेले असताना बाई दळायला बसायची, आणि जात्याच्या घरघरीखाली तिचा आवाज ओसरीपर्यंतही पोचत नसे. परीक्षक नव्हता, म्हणून गाणे खरे होते. आजच्या मुलांच्या कानांतले हेडफोन बघून आपण चिडता. मला त्यांत ती पहाट दिसते. घरात, शाळेत, गल्लीत ज्याला क्षणभरही कोणी एकटे सोडत नाही, त्या मुलाने आपले गाणे स्वतःपुरते ठेवण्याची ती एक जागा शोधली आहे.

गुरुजी : येथे मात्र मी तुला अडवितो, कारण माझी आई दळताना मी तिच्या मांडीवर डोके ठेवून ऐकलेले आहे. जात्याचा खुंटा बहुधा दोघींच्या हातांत असे. समोरासमोर बसलेल्या दोघी. एक ओवी म्हणायची, दुसरी तिला जोड द्यायची. जावा-जावा, नणंद-भावजय, कधी शेजारीण. ती एकटी नव्हती. परीक्षक नव्हता हे खरे, पण सोबतीण होती, आणि ती नसती तर लाखभर ओव्या एका बाईच्या मनातून दुसरीच्या मनात उतरल्या नसत्या. पहिलीबरोबरच त्या गेल्या असत्या. हेडफोन लावलेल्या मुलाच्या समोर खुंट्याला दुसरा हात कोणाचा आहे? एक गाणे संपताच पुढचे कोणते लावावे ते यंत्र ठरविते, आणि त्याने आधी जे ऐकले त्याच्याच जातीचे आणखी ऐकवीत राहते. तू शिक्क्याबद्दल बोललीस. हा तर त्याहून मोठा शिक्का, आणि तो मारणाऱ्याला तोंडही नाही. तुकडोजी महाराजांनी माणसे वर्तुळात बसविली, सामुदायिक प्रार्थना सुरू केली, त्याच मंडळींच्या हाती झाडू देऊन गाव झाडविले. १९४२ साली सरकारने त्यांना तुरुंगात घातले ते भजनाला भिऊनच. एकट्याने गायिलेल्या भजनाला कोणते सरकार भिते?

वकीलबाई : ही जोडीची गोष्ट मी विसरले होते, ती खरी आहे. परंतु आपण एक पाहा, गुरुजी : जात्यावरची दुसरी बाई पहिलीच्या बरोबरीची होती. तिचाही खुंट्याला हात, तिच्याही डोळ्यांवर झोप, तिचीही सासू तीच. आणि मुख्य म्हणजे ती स्वतः ओवी म्हणत असे, म्हणून पहिलीला म्हणता येत असे. शाळेतल्या निबंधात एक बाजू लिहिते आणि दुसरी तपासते. त्या पोराला सोबत हवी, हे मी कबूल करते. पण आपले गाणे कोणापुढे म्हणावे, हे त्याचे त्याला ठरवू द्या.

गुरुजी : ठरवू दे. पण त्याने मला निवडावे यासाठी मी काय करावे, ते सांग. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने मुलांच्या गाण्यांपासून दूरच राहावे, असे तर तू म्हणणार नाहीस?

वकीलबाई : आधी आपण लिहावे. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने वयाच्या पंधराव्या वर्षी आपले आवडते गाणे कोणते होते, ते कोठे ऐकले, कोणापासून लपविले, हे लिहून वर्गात वाचून दाखवावे. गुण मुलांनी द्यावेत किंवा कोणीच देऊ नयेत. वडील शेतावर गेल्यावर आपण सिलोनला कोणते गाणे ऐकत होता, हे आमच्या वर्गाला ठाऊक असते तर मीही माझे सांगितले असते. मी तेव्हा जिजाऊंचा पाळणा सांगितला होता, आणि आपण शाबासकी दिली होती.

गुरुजींनी त्यावर बराच वेळ कागद पुढे-मागे केले. पाळण्यात वाईट काय होते, असे त्यांनी विचारले. वकीलबाई म्हणाल्या, काहीच नाही, तो मला आजही आवडतो, फक्त तो तेव्हा माझा नव्हता, नंतर झाला, माझी मुलगी झाल्यावर. गुरुजींनी हे आपल्या बाजूचे मानले, की लावून दिलेले गाणेही कालांतराने आपले होते; वकीलबाईंनी ते आपल्या बाजूचे मानले, की ते आपले झाले ते शाळेने सांगितले म्हणून नव्हे. या मुद्द्यावर दोघांचे अखेरपर्यंत जुळले नाही, आणि मलाही ते जुळविता येत नाही. इतकेच म्हणेन, की मेहकर तालुक्यातल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला आज 'शीळ' मोठ्याने म्हणावीशी वाटली, तर ऐकणाऱ्याने आधी तिच्या सुराकडे लक्ष द्यावे आणि चारित्र्याची चौकशी करूच नये, एवढे तरी या भांडणातून निष्पन्न व्हावे अशी माझी फार इच्छा आहे.

गुरुजींनी सर्व निबंधांना गुण दिले, कारण काम स्वीकारले होते. खोडलेल्या कागदावर त्यांनी गुणांखेरीज काही लिहिले नाही. शाळेला पाठविण्याच्या अभिप्रायात मात्र त्यांनी पुढील वर्षी हा विषय द्यावयाचा झाल्यास प्रथम शिक्षकांनी लिहावे अशी स्पष्ट सूचना केली, आणि त्याखाली, वकीलबाईंचा आक्षेप असतानाही, भजनाचा तास बंद करू नये हे आणखी एक वाक्य जोडून सही केली.